बी.ए. (एज्युकेशन) झालं, आणि टीईटीचा फॉर्मच पुढे सरकत नाही

खाडीपलीकडची | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी गुहागर तालुक्यातली, धोपाव्याच्या जवळची. बारावी आर्ट्स, त्यात शिक्षणशास्त्र विषय होता आणि त्यातच सगळ्यात जास्त मार्क पडले. मास्तरीण व्हायचं हे चौथीपासून ठरलेलं. बारावीला असताना घाटावरच्या एका खासगी विद्यापीठाची माणसं ज्युनिअर कॉलेजात आली होती. "बी.ए. इन एज्युकेशन, तीन वर्षं, शिक्षण क्षेत्रात करिअर." घरात सगळ्यांना वाटलं, हे डीएडसारखंच, वर डिग्रीही मिळते. वर्षाला ८५ हजार फी, होस्टेल वेगळं. दोन वर्षं आंब्याने निभावलं. तिसऱ्या वर्षी मोहोर गळला, तेव्हा बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं.

यंदा पास झाले, फर्स्ट क्लास. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, फॉर्म भरायला शृंगारतळीच्या सायबरमध्ये गेले. नाव, जात, बारावी, पदवी सगळं भरून झालं. मग व्यावसायिक अर्हता विचारली आणि यादीत माझी पदवीच नाही. सायबरवाला मुलगा वर-खाली करून दमला. शेवटी हळूच म्हणाला, "ताई, तुमचं बीएड झालेलं नाहीये ना?" मागे पाचसहा जण रांगेत उभे होते.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते वाडीत सगळ्यांना सांगून बसलेत. गणपतीत जो आला त्याने हेच विचारलं, "काय बाई, कुठली शाळा?"

माझी फसवणूक झाली का? आणि आता काय करू?

---

लाल_माती | रविवार, रात्री ११:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अडीच लाख रुपये भरण्याआधी एनसीटीईची (शिक्षकांचे कोर्स मान्य करते ती संस्था) मान्यता आहे का एवढं विचारायला काय हरकत होती? म्हैस घेतानाही माणूस तिचे दात बघतो.

---

सोलकढी | रविवार, रात्री ११:११

लाल_माती, बारावीच्या पोरीला एनसीटीई हा शब्द तरी माहीत असतो का हो? तिच्या शिक्षकांनी तरी सांगितला असेल का, ते विचारा.

---

काजूबी | सोमवार, सकाळी ६:५०

गो बाय, रडून काय होवचा नाय. माझो झील २००९ साली डीएड झालो. आज तो ओरोसाक झेरॉक्सचा दुकान चालवता. तेच्याकडे सर्टिफिकेट आसा, नोकरी नाय. तुझ्याकडे सर्टिफिकेट पण नाय. टीईटीचे फॉर्म भरूक पोरा येतत ती सगळी तेच्याच दुकानात.

---

बंदरावरचा_मास्तर | सोमवार, दुपारी २:२०

जिल्हा परिषदेच्या शाळेत २२ वर्षं आहे. दोनशिक्षकी शाळा, मधल्या सुट्टीत लिहितोय, म्हणून तुकड्या-तुकड्यांत येईल.

खाडीपलीकडची, आधी घोळ कुठे झाला ते समजून घ्या. "शिक्षण" या विषयाची पदवी आणि शिकवण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली म्हणून कोणी त्याला तांडेल करून ट्रॉलरवर चढवत नाही. तुमच्या अभ्यासक्रमात शिक्षणाचं समाजशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास, धोरणं असणार. ते शिक्षणा*बद्दल* शिकवतं. शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम कोणते, हे ठरवायला १९९३ चा कायदा करून राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, म्हणजे एनसीटीई, नेमलेली आहे. त्यांची मान्यता नसेल तर पदवी खरी असते, विद्यापीठ खरं असतं, मार्कही खरे असतात, पण वर्गात उभं राहण्यापुरता त्याचा उपयोग शून्य.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २३ खाली २३ ऑगस्ट २०१० ला किमान अर्हतेची अधिसूचना निघाली. सध्या ढोबळमानाने असं आहे: पहिली ते पाचवीला बारावी आणि दोन वर्षांचं डी.एल.एड. (आपलं जुनं डीएड). सहावी ते आठवीला पदवी आणि डी.एल.एड. किंवा बी.एड. दोन्हीकडे वर टीईटी. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला पदव्युत्तर आणि बी.एड. यात "बी.ए. एज्युकेशन" फक्त "पदवी" या खणात बसतं. म्हणजे तुम्ही आज बी.ए. इतिहास झालेल्या मुलीच्याच जागी उभ्या आहात. पुढेही नाही, मागेही नाही.

घंटा झाली. उरलेलं रात्री.

---

नाखवा_७२ | सोमवार, दुपारी ३:१५

मास्तर, चढवतात की ट्रॉलरवर. जाळं ओढायला.

---

बंदरावरचा_मास्तर | सोमवार, रात्री ९:३०

:) पुढे.

नावाचा गोंधळ मुलांनाच होतो असं नाही, आमच्या केंद्रातल्या शिक्षकांनाही होतो. "बी.ए.-बी.एड." हा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, नवीन धोरणातला आयटीईपी, २०२३-२४ पासून मोजक्या ठिकाणी सुरू झाला. तो केला तर शिक्षक होता येतं. "बी.ए. (एज्युकेशन)" मात्र नाही. फरक एका "बी.एड."चा, आणि तेवढ्याने माणसाची तीन वर्षं फिरतात. एम.ए. (एज्युकेशन) करणाऱ्यांचीही हीच गत. अध्यापक महाविद्यालयात शिकवायला जायचं म्हटलं तरी एम.ए.सोबत बी.एड. मागतातच.

असं का, हेही सांगतो. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये २० आठवडे शाळेत काढावे लागतात. पाठ घ्यायचे, मागच्या बाकावर बसलेले अध्यापकाचार्य चुका काढणार, परत पाठ. तुमच्या पदवीत असं किती होतं?

---

खाडीपलीकडची | सोमवार, रात्री १०:१८

सर, चार आठवडे. तेही निरीक्षणच. वहीत नोंदी करायच्या: शिक्षिका किती वेळा फळ्याकडे वळल्या, कोणाला प्रश्न विचारला, कोणाला नाही. स्वतः पाठ घेतला तो एकच, बाई रजेवर होत्या म्हणून. तिसरीला "पाऊस" शिकवला.

आज घरी माहितीपुस्तिका शोधली. फणसाच्या गऱ्यांखाली कपाटावर पसरायला घेतलेली होती. चौदाव्या पानावर अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ आहे: हा अभ्यासक्रम शिक्षकपदासाठीची व्यावसायिक अर्हता नाही. म्हणजे कागदावर फसवणूक नाहीच. ओळ होती, आम्ही वाचली नाही. पण त्या दिवशी वर्गात आलेल्या माणसांनी स्लाइडवर फळ्यापुढे उभ्या असलेल्या बाईचा फोटो लावला होता, तो मला अजून आठवतो.

---

लाल_माती | सोमवार, रात्री १०:३१

कालचा माझा सूर चुकला. पण हे असंच चालतं बघा. मोठ्या अक्षरात फोटो आणि बारीक अक्षरात नियम. माझ्या मते अशा पदव्या बंद करायला हव्यात. ना धड बी.ए., ना बी.एड.

---

टेम्सकाठ | मंगळवार, पहाटे ३:१०

इथे दुमत नोंदवतो. मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या लंडनच्या बाहेर. इंग्लंडमध्ये "एज्युकेशन स्टडीज" ही पदवी वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिने शिक्षक होता येत नाही. सरकारी शाळेत कायम व्हायचं तर क्यूटीएस नावाचा दर्जा लागतो. त्यासाठी बहुतेक जण पुढे एक वर्ष पीजीसीई हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स करतात. माझी बायको त्याच वाटेने गेली. पण तिला हे पहिल्या दिवशीच माहीत होतं. तिच्या वर्गातल्या काही मुली शिक्षक झाल्याच नाहीत. एक संग्रहालयात शाळांच्या सहली हाताळते, एक नगरपालिकेत बालसंगोपनाचं बघते.

लाल_माती, पदवीचा विषय वाईट नाही. तो विकला कसा जातो, ते वाईट आहे.

---

लाल_माती | मंगळवार, सकाळी ८:०२

तुमच्याकडे एका वर्षात पीजीसीई होतं आणि नोकरी मिळते. इथे दोन वर्षं बी.एड., मग टीईटी, मग भरतीची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ), मग नशीब. २०१० च्या शिक्षकभरतीच्या सीईटीनंतर कित्येक वर्षं भरती बंद होती. पहिली अभियोग्यता चाचणी झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. संग्रहालयाच्या गोष्टी राहू द्या. गुहागरात संग्रहालय आहे का?

---

सोलकढी | मंगळवार, सकाळी ९:४०

अवांतर: गुहागरात संग्रहालय नसलं तरी या किनाऱ्याने शिक्षणाला काही कमी माणसं दिलेली नाहीत. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं तेही समुद्रकाठीच. अंगणवाडीची कल्पना तिथलीच. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्या. आणि मुरुडचे धोंडो केशव कर्वे! विसाव्या वर्षाच्याही आत, परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि तिथे साहेबांनी "वय कमी दिसतं" म्हणून बसूच दिलं नाही.

---

खाडीपलीकडची | मंगळवार, सकाळी १०:०५

हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं. त्यांच्याकडे पात्रता होती, फक्त दिसत नव्हती. माझी दिसते, पण नाही.

(किती दिवसांनी हसले.)

---

पोषणवाली_ताई | मंगळवार, दुपारी १:२५

धागा वाचून मुद्दाम लॉगिन केलं. मी एकात्मिक बालविकास प्रकल्पात पर्यवेक्षिका आहे, रायगड जिल्ह्यात. लोक आम्हाला अजून मुख्य सेविकाच म्हणतात. साताठ गावांत पसरलेल्या अंगणवाड्या माझ्याकडे.

खाडीपलीकडची, एक जाहिरात नीट वाचायला सांगते. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत आमच्या पदासाठी महिला उमेदवारांची पदवी मागितली होती, "खास करून समाजशास्त्र किंवा गृहविज्ञान किंवा शिक्षण किंवा बालविकास किंवा पोषण" अशी. शिक्षण! तुझ्या पदवीवर जो शब्द छापलाय तोच. इथे तो शब्द कामाचा आहे, आणि बी.एड. नसलं तरी चालतं. पुढच्या वेळची जाहिरात तेव्हा शब्दन् शब्द तपासून घे, नियम बदलतात.

काम कसं असतं तेही ऐक, नाहीतर परत म्हणशील कोणी सांगितलं नाही. बाळांची वजनं, उंची, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर नोंदी, नेटवर्क नाही म्हणून डोंगरावर चढून नोंदी. सेविकांच्या मानधनाच्या तक्रारी. पावसात साकव वाहून गेला की चालत. पण तीन ते सहाच्या मुलांना काय करायला द्यावं, यावर सेविकांशी बोलताना मला दर वेळी वाटतं, हे मी शिकलेली असते तर. माझी पदवी समाजशास्त्राची. तू जे तीन वर्षं वाचलंस ना, ते माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांत, रोज लागतं.

---

काजूबी | मंगळवार, दुपारी १:५०

ताईनू, ह्या आमच्या झीलाक कोण सांगूक नाय.

---

पोषणवाली_ताई | मंगळवार, दुपारी १:५८

काजूबी काकू, हे पद बायकांसाठीच आहे. :(

---

काजूबी | मंगळवार, दुपारी २:०१

मगे सुनेक सांगतंय.

---

हापूस_नव्हे_पायरी | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

पदवी ती पदवी. तलाठी, बँक, एमपीएससी, कुठेही बसता येतं. एवढं रडण्यासारखं काही नाही.

---

खाडीपलीकडची | मंगळवार, रात्री ९:१२

दादा, बसता येतं ते माहीत आहे. पण मला शिकवायचंच आहे. तिसरीला पाऊस शिकवला ना, तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, पाऊस खाडीत पडतो तेव्हा खाडी गोडी होते का खारीच राहते?" मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन भरतीला आणि ओहोटीला पाण्याची चव बघितली. मला तेच करायचंय.

मास्तर, डीएड करू की बीएड? नक्की सांगा.

---

बंदरावरचा_मास्तर | मंगळवार, रात्री १०:२०

आता मुद्द्यावर आलात.

मी तुमच्या जागी असतो तर डी.एल.एड. केलं असतं. पदवीधराने बारावीनंतरचा कोर्स करायचा म्हणजे मागे जाणं, असं लोक म्हणतील. म्हणू द्या. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही. त्याआधी २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड.वाल्यांना सहा महिन्यांच्या ब्रिज कोर्सच्या अटीवर तिथे आत घेतलं होतं, ते दार बंद झालं. म्हणजे बी.एड. केलंत तर टीईटीचा फक्त दुसरा, सहावी ते आठवीचा पेपर. डी.एल.एड. केलंत तर पहिला पेपर, आणि हातात पदवी आहेच म्हणून दुसराही. दोन दारं उघडी. शिवाय तुमची गोष्ट तिसरीतल्या मुलाची आहे, दहावीतल्या नव्हे.

बी.एड.मध्ये तुम्हाला आणखी एक खोडा येईल. तिथे अध्यापन पद्धतीचे विषय निवडायचे असतात: मराठी, इतिहास, गणित वगैरे. पदवीला शाळेत शिकवला जाणारा विषय किती पेपर होता, हे बघतात. "एज्युकेशन" हा काही शाळेतला विषय नाही. तुमच्या गुणपत्रिकेत मराठी किंवा इतिहासाचे पेपर आहेत का?

---

खाडीपलीकडची | मंगळवार, रात्री १०:२८

इंग्रजीचे दोन, बाकी सगळं एज्युकेशन.

---

बंदरावरचा_मास्तर | मंगळवार, रात्री १०:३३

मग डी.एल.एड.च. डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) जाऊन गुणपत्रिका दाखवून विचारा. फोनवर नको, समोर बसा.

एक सांगतो, मनाला लावून घेऊ नका. मी स्वतः आता टीईटीचा अभ्यास करतोय. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्या सगळ्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी काढावी लागणार. माझी चौदा राहिलीत. रोज रात्री मुलगी माझ्याकडून बालमानसशास्त्र पाठ करून घेते. पियाजेच्या अवस्था डोक्यात राहत नाहीत.

---

खाडीपलीकडची | मंगळवार, रात्री १०:४०

सर, पियाजे मी शिकवते तुम्हाला. चार अवस्था आहेत. तुमच्याच वर्गातली मुलं डोळ्यापुढे आणा. उभ्या लोट्यातलं पाणी पसरट ताटलीत ओतलं की पहिलीतला मुलगा म्हणतो, कमी झालं. चौथीतला म्हणतो, तेवढंच आहे. या दोघांच्या मध्ये कुठेतरी तिसरी अवस्था सुरू होते. उद्या वर्गात करून बघा, मग पाठ करावं लागणार नाही.

---

बंदरावरचा_मास्तर | बुधवार, दुपारी २:१०

केलं. पहिलीतली चारही मुलं म्हणाली कमी झालं. चौथीतल्या एकीने विचारलं, "सांडलं कुठे ते सांगा आधी." लोटा ताटलीपेक्षा मोठा घेतला होता मी.

---

नाखवा_७२ | बुधवार, दुपारी २:३०

मास्तर नापास.

---

घाटउतार | बुधवार, संध्याकाळी ६:१५

एक इशारा. या धाग्यावर तुमची गोष्ट वाचून कोणी व्यनि (खासगी निरोप) करून "नॉन-अटेंडिंग बीएड, परराज्यातून, फक्त परीक्षेला या" असं सांगेल. नादी लागू नका. माझ्या चुलतभावाने केलं, पुढे कागदपत्र पडताळणीत अडकला. आणि टीईटीत पैसे देऊन पास व्हायचा मार्ग सांगणारेही निघतील. आधीच्या घोटाळ्यात साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर बंदी आली, ते विसरू नका. तसंच चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचं बीएड येणार म्हणून कोणी थांबायला सांगेल. २०२५ मध्ये त्याचा मसुदा आला होता. मसुद्याच्या भरवशावर वर्ष घालवू नये. तुमची पदवी तशीही तीन वर्षांची.

---

सोलकढी | बुधवार, रात्री ८:००

बाबांना सांगितलंस का गं?

---

खाडीपलीकडची | गुरुवार, रात्री ११:२०

आज सांगितलं. बाबा कलमांना आळी करत होते. ऐकून घेतलं, कुदळ बाजूला ठेवली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे अजून दोन वर्षं." मी हो म्हटलं. "डीएडची फी किती?" म्हटलं, सरकारी मिळालं तर फार नाही. मग म्हणाले, "वाडीत कोणाला सांगू नकोस, पुढचं शिकतेय म्हणून सांग." आई आतून म्हणाली, "खरंच शिकतेय की, त्यात खोटं काय?"

---

खाडीपलीकडची | फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७:३०

धागा वर आणतेय.

डी.एल.एड.चे प्रवेश बारावीच्या निकालानंतर सुरू होतील, तोपर्यंत दाभोळची फेरी पकडून शनिवार-रविवार दापोलीच्या किनाऱ्यावर जाते. ऑलिव्ह रिडले कासवांचा हंगाम आहे. शाळांच्या सहली येतात, त्यांच्याशी बोलायचं काम मिळालंय, दिवसाचे थोडे पैसेही. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात, पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, हे मुलांना पाठ असतंच. मग मी त्यांना वाळूला हात लावायला सांगते आणि विचारते, आतमध्ये वर-खाली कुठे जास्त गरम असेल? काल पाचवीतल्या एका मुलीने कोपरापर्यंत हात खुपसला.

पोषणवाली ताई, तुमच्या पदाची जाहिरात निघाली की कळवा, तीही भरणार आहे. दोन्ही नावा सोडून ठेवते.

आता प्रश्न: रत्नागिरी किंवा चिपळूणला डीएड करताना मुलींच्या राहण्याची सोय कुठे चांगली? मेस नको, स्वतः करून खाईन. रोज गावातून एसटीने जाणं जमणार नाही, पावसाळ्यात आमची गाडी वेळेवर येत नाही.

---

काजूबी | फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८:०५

रत्नागिरीक माझी भैण रवता. खोली रिकामी आसा. व्यनि केलंय. सुनेन पण तोच फॉर्म भरूचो ठरवलो हा, तिका जरा काय वाचूचा ता सांग.